सॅक तर सगळ्यांच्याच पाठीवर

चंदिगडचा सेक्टर १७चा बस स्टँड आणि सेक्टर २२ यांच्यामध्ये फक्त एक रस्ता आहे. रात्री-अपरात्री उतरलेला माणूस तो ओलांडतो आणि बावीसमध्ये खोली शोधायला लागतो. मुळात हा भाग प्रवाशांसाठी नव्हताच. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या ब्रिटिश वास्तुविशारद दांपत्याने १९५०च्या दशकात तो आखला, तो नव्या राजधानीत येणाऱ्या सरकारी नोकरांसाठी. विटांची घरं, शाळा, बाजार, किरण थिएटर असा सगळा घरगुती मामला. हॉटेलं आली ती स्टँडच्या शेजारामुळे.

या हॉटेलांत स्वस्तात राहणारे नाना प्रकारचे असतात. पीजीआय रुग्णालयात भरती असलेल्या पेशंटचे नातेवाईक, परीक्षेला आलेली पोरं, नमुन्यांची बॅग घेऊन फिरणारे विक्रेते. काटकसरीत यांचा हात कुणी धरणार नाही, पण त्यांना कुणी बॅकपॅकर म्हणत नाही. मे महिन्यात आपली मंडळीही दिसतात. सिमला-मनाली टूरवाले, ज्यांच्या खोल्यांच्या किल्ल्या टूर लीडर वाटतो आणि रॉक गार्डनला किती वाजता निघायचं तेही तोच सांगतो. आणि कसोलच्या बेस कॅम्पला निघालेले पुण्या-मुंबईचे ट्रेकर. यांच्या सॅक भल्याथोरल्या, पण परतीचं तिकीट कन्फर्म आणि सोमवारी ऑफिस.

मग बॅकपॅकर ओळखायचा कसा? परदेशी पाहुणा उतरला की हॉटेलवाल्याला एक फॉर्म भरून परदेशी नोंदणी कार्यालयाला कळवावं लागतं. पासपोर्ट, व्हिसा, कुठून आलात, किती दिवस राहणार, आणि पुढे कुठे जाणार. या शेवटच्या रकान्यात पर्यटक झटकन आग्रा लिहून मोकळा होतो. बॅकपॅकर तिथे अडतो. मनाली की धरमशाला, हे त्याचं अजून ठरलेलं नसतं. कधीकधी तो काउंटरवरच्या माणसालाच विचारतो. माझ्या मते त्याची खरी ओळख त्या रकान्यात आहे, पाठीवर नाही.

कारण सॅकचं कूळच वेगळं. नॉर्वेच्या ओले बर्गानने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाठीच्या आकाराला जुळणारी चौकट पिशवीला जोडली. कॅलिफोर्नियात डिक केल्टीने १९५२ पासून ॲल्युमिनियमच्या हलक्या चौकटीच्या सॅक विकायला काढल्या आणि कमरेच्या पट्ट्याने भार खांद्यांवरून कमरेवर उतरवला. हे सगळं डोंगरात जाणाऱ्यांसाठी होतं. स्वस्त निवाऱ्याचं कूळ आणखी तिसरीकडे. रिशार्ड शिरमान या जर्मन शिक्षकाने शाळकरी मुलांच्या पायी सहलींसाठी १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात युथ हॉस्टेल थाटलं. भारतात ही चळवळ रुजली ती चंदिगडहून सिमल्याला जाताना लागणाऱ्या तारादेवीला, १९४५ साली, पंजाबातल्या स्काउट मास्तरांच्या हातून. पण तिथेही शिस्त होती, वेळापत्रक होतं.

सॅक आणि हॉस्टेल यांना मोकळा वेळ भेटला तो साठ-सत्तरच्या दशकांत. इस्तंबूल, तेहरान, काबुल, लाहोर, अमृतसर, दिल्ली आणि तिथून काठमांडू किंवा गोवा, अशी पश्चिमेकडच्या तरुणांची रीघ लागली. गोव्यातल्या हणजुण्याचा किनारा तेव्हाच त्यांनी जगाच्या नकाशावर नेला. त्याच वाटेने गेलेल्या टोनी आणि मॉरीन व्हीलर यांनी १९७३ मध्ये आशिया स्वस्तात कसा पालथा घालावा याची पुस्तिका काढली, आणि त्यातून 'लोनली प्लॅनेट' उभं राहिलं. १९७९ साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या आणि तो रस्ता बंद झाला. माणसं मात्र थांबली नाहीत, विमानाने यायला लागली.

पंडितांनी मग या मंडळींची वर्गवारी केली. एरिक कोहेन या समाजशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये पर्यटकांचे चार वर्ग पाडले, त्यात शेवटचा भटक्यांचा. ऑस्ट्रेलियात फिलिप पिअर्सने १९९० मध्ये बॅकपॅकरची लक्षणं मांडली: स्वस्त मुक्काम, इतर प्रवाशांत मिसळणं, स्वतः आखलेला लवचीक बेत, लांब मुदतीची भटकंती, जमेल त्यात भाग घेणं. यातलं स्वस्त मुक्कामाचं लक्षण मला तरी परिणाम वाटतो. सहा महिने पगाराविना फिरायचं, तर बावीसमधलीच खोली परवडणार.

वेळ असला की झालं, असंही नाही. १८५७ मध्ये वरसईहून उत्तरेला निघालेले विष्णुभट गोडसे घरापासून काही वर्षं दूर राहिले, बंडाच्या धामधुमीत सापडले, पुरते लुटले गेले. त्यांचं 'माझा प्रवास' वाचताना ते कुठल्याही भटक्याला भारी वाटतात. पण ते निघाले होते दक्षिणा मिळवायला, घरचं कर्ज फेडायला. परिक्रमावासीयाच्या पाठीवरही बोचकं असतं, मुदतही लांब असते. पण त्याची वाट नर्मदेने ठरवलेली. उद्याचा गाव केवळ लहरीवर सोडायचा, आणि तोही गरज नसताना, ही चैन फार थोड्यांना परवडते. घरून निघतानाच खिशात परतीची सोय असलेल्यांना. बॅकपॅकरला आपण उगाच फकीर समजतो.

बावीसमध्ये मुक्काम करायचं त्याचं एक कारण आता उरलेलं नाही. मनाली, धरमशाला, सिमला यांपैकी कुठेही जायचं ठरलं, तरी हिमाचलच्या बस आता सेक्टर ४३च्या स्टँडवरून सुटतात. सतराला उतरलात तर रिक्षा करा.