जुन्या पोथींतील एक ब्रीद

मठांच्या द्वारांवर, मुद्रांवर व ग्रंथांवर ब्रीदें कोरण्याची चाल ख्रिस्तमंडळांत फार जुनी आहे. संत बेनेदिक्ताच्या संप्रदायाचें ब्रीद कोणतें असें विचारल्यास पुष्कळ वाचक ‘प्रार्थना करा व श्रम करा’ असें सांगतील. परंतु संताच्या नियमग्रंथाच्या ७३ अध्यायांत हें वाक्य कोठेंच नाहीं. १९ व्या शतकांत बॉयरॉन मठाचे अधिपति मौरुस वोल्टर यांच्या लेखनानें तें सर्वतोमुखीं झालें.

पोथींत जें ब्रीद खरोखर आहे, त्याचा आशय सर्व गोष्टींत देवाचा गौरव व्हावा असा आहे. त्याचें मूळ पेत्राच्या पहिल्या पत्रांत असून, त्याच्या पांच लॅटिन शब्दांचीं आद्याक्षरें बेनेदिक्ती मठांत आजही लिहिलीं जातात.

ही पोथी आपणांपर्यंत कशी पोहोंचली, तेंही जाणण्याजोगें आहे. शार्लमेन बादशहाच्या विनंतीवरून मोंते कासीनोच्या पोथीची एक नक्कल करण्यांत आली व ती आखेन येथें राहिली. तीवरून सुमारें ८१७ सालीं ग्रिमाल्ड व टाट्टो या राइखेनाउच्या दोन मठवासींनीं आपले गुरु रेगिनबर्ट यांच्यासाठीं प्रत उतरविली. व्याकरणाच्या चुका दिसल्या तरी मूळ शब्द त्यांनीं तसेच ठेविले व पाठभेद समासांत नोंदले. पुढें संताच्या हातची मानलेली पोथी ८९६ सालीं तेआनो येथील आगींत नष्ट झाली. त्या दोघांच्या प्रामाणिक श्रमाचें फळ आज सांक्त गालेनच्या ग्रंथालयांतील ९१४ क्रमांकाच्या पोथींत पाहावयास मिळतें.

आतां हें ब्रीद पोथींत कोणत्या ठिकाणीं आहे तें पाहूं. उपासनेच्या अध्यायांत तें असेल अशी आपली अपेक्षा. पण तें ५७ व्या अध्यायाच्या शेवटीं, मठांतील कारागिरांच्या नियमांत आलें आहे. कारागिरास आपल्या कौशल्याचा गर्व झाल्यास त्यास त्या कामावरून दूर करावें. माल विकणारांनीं कपट करूं नये व हनन्या आणि सप्पीरा यांची आठवण ठेवावी. किमतींत लोभ शिरूं देऊं नये, उलट बाहेरील लोकांपेक्षां थोडें स्वस्तच विकावें, असें तेथें सांगून संत लगेच देवाच्या गौरवाचे शब्द लिहितो. म्हणजे हें ब्रीद मालाच्या किमतीला जोडून आलें आहे.

आम्हांस यांत मोठा बोध वाटतो. ज्युबिलीच्या कमानीवर ब्रीद लिहिणें सोपें, तराजूवर लिहिणें कठीण. आमच्या धर्मग्रामांतील सुतार, शेतकरी, व्यापारी व नोकरदार बंधुभगिनींनीं या वर्षीं तें आपआपल्या मापांत व हिशेबाच्या वहींत उतरवावें, हीच आमची प्रार्थना.