पिंजरा आणि पोपटाचे पोट

बोलका पोपट ही भारताने पश्चिमेला दाखवलेली फार जुनी नवलाई. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास इराणच्या दरबारातला ग्रीक वैद्य क्टेसियस लिहून गेला, की भारतातला हा पक्षी तिथली भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलेल. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत पोपट-मैनेला बोलायला शिकवणे ही एक कला आहे. रोमन प्लिनीची शिकवणी मात्र खास छडीची: धडे देताना पोपटाच्या डोक्यावर लोखंडी सळईने मारावे, एरवी त्याला मार लागतच नाही म्हणे!

जिभेचे असे कौतुक चालले असताना पोटाकडे बघायला बराच उशीर झाला. १७८९ मध्ये फ्र्योलिख या जर्मन निसर्गअभ्यासकाने वर्णन केलेला एक गोल जंत आज पोपटांचा जंत म्हणून ओळखला जातो. कोंबड्यांच्या आतड्यात सापडणाऱ्या जंताचा हा भाऊबंद.

पांढरट, सुतळीच्या धाग्याएवढा, काही सेंटिमीटर लांब. दोन-चार असले तर पक्ष्याला पत्ताही लागत नाही. शेकड्यांनी झाले की त्यांचा गुंता आतड्यात बोळ्यासारखा अडकतो. पक्षी पिसे फुलवून बसतो, खाऊनही छातीचे हाड वर येते आणि एका सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला सापडतो. याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ओल आणि ऊब मिळाली तर दोन-तीन आठवड्यांत ती लागण करण्याजोगी होतात. वर कवच असे चिवट, की ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकावीत. मध्ये दुसरा कोणी प्राणी लागत नाही. दाणा टिपताना अंडे पोटात गेले, की झाले.

रानात हा व्यवहार जंताला तोट्याचा जातो, कारण थवा आज इथे तर उद्या तिथे. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात पाऊस आणि गवताचे बी शोधत भटकणारे बजरीगार घ्या, ज्यांना आपल्याकडे बाजारात सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. त्यांची विष्ठा उन्हात वाळून जाते. १८४० मध्ये जॉन गूल्ड यांनी ते जिवंत इंग्लंडला नेले आणि युरोपभर त्यांचे वेड पसरले. हौशी मंडळींनी बागेत मोठमोठी पक्षिघरे बांधली, तळाला माती आणि गवत ठेवले. पक्ष्यांना ‘नैसर्गिक’ वाटावे हा हेतू चांगलाच होता. सोय मात्र जंतांची झाली. ओली जमीन, त्याच त्या जागी विष्ठा, त्याच जागी दाणे. जमिनीवर चरणाऱ्या रोझेला आणि गवती या पोपटांना याचा विशेष त्रास झाला. रोझेलांच्या कुळावरून नाव मिळालेल्या अशाच एका जंताचे वर्णन हार्टविख आणि चेर्नर यांनी १९७९ मध्ये केले. पुढे अनेक पाळणाऱ्यांनी माती सोडून जाळीच्या तळाचे, जमिनीपासून उंच टांगलेले पिंजरे पत्करले.

चपट्या जंताचे नशीब उलटे. त्याला मध्ये एखादा किडा लागतो. रानातून पकडून आणलेल्या आफ्रिकी राखी पोपटांत आणि काकाकुवांत तो सापडत असे. पिंजऱ्यातच जन्मलेल्या पिढ्यांत क्वचितच दिसतो. १९९२ मध्ये अमेरिकेने आणि २००७ मध्ये युरोपीय संघाने रानपक्ष्यांच्या आयातीला आळा घातला, तेव्हा त्याची वाट आणखी अरुंद झाली.

पाण्यातून पसरणारा जिआर्डिया हा परजीवी या दोघांहून बारीक. सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. बजरीगारांतली त्याची वेगळी जात १९८७ मध्ये नोंदली गेली. गोल जंतांवर औषधेही आली. जपानच्या मातीतल्या जीवाणूपासून निघालेल्या आयव्हरमेक्टिनच्या कामगिरीबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले. पण औषध पक्ष्याला लागू पडते, जमिनीला नाही. तळ बदलला नाही तर तोच पक्षी पुन्हा अंडी गिळतो.

आपल्या ओसरीवरच्या पिंजऱ्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची खाणारा मिठू आता कायद्याने पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामागोमाग १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावरही बंदी आली. उरले परदेशी पक्षी. ते पाळणाऱ्यांनी नवा पक्षी घरी आणला, की निदान महिनाभर वेगळा ठेवावा, त्याची विष्ठा पशुवैद्याकडून तपासून घ्यावी आणि दाण्याची वाटी बसण्याच्या दांडीखाली कधी ठेवू नये.