फळी कधी काढायची?

साल 1914, जूनचा पहिला आठवडा. मॅसॅच्युसेट्समधल्या ईस्ट वेअरहॅम गावी तुम्ही बांधावर उभे आहात. खाली क्रॅनबेरीचं सपाट शेत, भाताच्या खाचरासारखं चौफेर बांधलेलं. ठेंगण्या वेली जमिनीला बिलगलेल्या, आणि मधलाच एक पट्टा तांबूस करपलेला.

खाली वाका. शेंड्याची पानं बारीक धाग्यांनी एकमेकांना चिकटलीत. नखानं सोडवा. आत काळ्या डोक्याची इवलीशी अळी चपळाईनं वळवळते. इथले लोक तिला फायरवर्म म्हणतात. तिची अंडी पानाच्या पाठीवर अख्खा हिवाळा पाण्याखाली काढतात, त्यांना ढिम्म काही होत नाही. अळी मात्र बुडून मरते.

पाण्याच्या दाराशी केप व्हर्डहून आलेला मजूर खाचेत एकेक फळी सरकवतोय. चारी भरते, पाणी वेलींवर चढतं. शेवटचा शेंडाही बुडायला हवा; जो वर राहिला, त्यातली अळी वाचली. काडीकचरा तरंगतो, कोळी जीव घेऊन पळतात, वारा सगळं एका कडेला लोटतो.

आता जीव टांगणीला. एक दिवस, फार तर दोन. आभाळ भरलेलं असेल आणि साचलेलं पाणी कोमट झालं, तर त्यातला प्राणवायू सरत जातो आणि वेलीच गुदमरू लागतात. फुलं उमलली की हा उपाय बंदच. म्हणून मालकाचं अर्धं लक्ष अळीकडे, अर्धं आभाळाकडे. पाणी फुकटचं, असं त्याला म्हणून बघा! तळं इथंच उपसलं आणि उद्या पहाटे गोठवणारी थंडी पडली, तर कळ्या झाकायला पाणी आणायचं कुठून?

गावातच 1910 पासून क्रॅनबेरीचं संशोधन केंद्र आहे. हेन्री फ्रँकलिन तिथं या किडींच्या मागे लागलेत.

दुसरं महायुद्ध ओलांडा. डीडीटी येतं, फवारे येतात, पुराचा उपाय मागे पडतो. थेट 1990च्या दशकात उतरा: एप्रिलच्या मध्यावर शेत पुन्हा पाण्याखाली, आणि या खेपेला तब्बल महिनाभर. वेली अजून झोपेतून पुरत्या उठलेल्या नाहीत, म्हणून हे सोसतं. निशाण्यावर आहे फळ पोखरणारी अळी. ती मातीत कोषात दडून हिवाळा काढते. शिवाय लाल कोळीही कमी होतो. पण पीक घटायची धास्ती असतेच. म्हणून जाणते शेतकरी एका शेतावर हा प्रयोग साधारण 3 वर्षांतून एकदाच करतात.