चहाखालची चिनी माती

आजीच्या बरण्या भारतातून नेदरलँड्सला पाठवायच्या म्हटलं की धाकधूक होतेच. इथल्या लोकांनी हे काम पूर्वी केवढ्या प्रमाणावर केलं, ते आज ऐकूया.

उट्रेख्टहून डेन बॉशकडे जाताना खेल्डरमाल्सन स्टेशन लागतं. याच नावाचं जहाज डिसेंबर १७५१मध्ये चीनमधल्या कॅन्टनहून निघालं. ते होतं डच ईस्ट इंडिया कंपनीचं. हिचीच वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती. जहाजाच्या तळाशी २०३ पेट्यांत सुमारे २ लाख ३९ हजार चिनी मातीची भांडी होती आणि वर चहा. चिनी मातीला ओल बाधत नाही, शिवाय तिच्या वजनानं जहाज स्थिर राहतं. चहा मात्र कोरडा राहायला हवा, म्हणून तो वर.

३ जानेवारी १७५२ला जहाज दक्षिण चिनी समुद्रात खडकावर आपटून बुडालं. ११२ माणसांपैकी ८० गेली. १९८५मध्ये मायकेल हॅचर यांना ते सापडलं, तेव्हा चहाच्या थराखाली दीड लाखाच्या आसपास भांडी शाबूत होती! १९८६मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला त्यांचा लिलाव झाला. अभ्यासक मात्र हळहळले, कारण माल काढण्याच्या घाईत जहाजाची नीट नोंद झालीच नाही.

तेव्हा मंडळी, जड खाली, हलकं वर, आणि मधल्या फटी जुन्या साड्यांनी भरा. खोकं हलवून पाहा; आत खुळखुळलं, तर पुन्हा उघडा. आणि बरणी कुणाची, कुठली, हे चिठ्ठीवर लिहून आत ठेवा.