स्वतंत्र पक्षाचा धडा

जुन्याचे रक्षण करू पाहणारा तो प्रगतीचा वैरी, अशी समजूत आपल्या देशात दीर्घकाळ रूढ आहे. ही समजूत कितपत न्याय्य आहे, हे स्वतंत्र पक्षाच्या इतिहासावरून तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव संमत केला. शेतकऱ्याची जमीन एकत्र कसली जावी, मालकी मात्र त्याचीच राहावी, अशी ती योजना होती. परंतु नांगर दुसऱ्याच्या हाती गेल्यावर नुसत्या मालकीस काय अर्थ, असा प्रश्न अनेकांस पडला. त्याच वर्षी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी वयाच्या ८० व्या वर्षी नव्या पक्षाची घोषणा केली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत त्याची परिषद भरली. आंध्रातील शेतकरी नेते एन. जी. रंगा अध्यक्ष झाले. मिनू मसानी यांचा प्रवास तर विशेष उद्बोधक होय. नाशिकच्या तुरुंगात समाजवादाची दीक्षा घेऊन १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापणाऱ्यांत ते होते; पुढे स्टालिनची राजवट पाहून त्यांचे मत पालटले.

परवाने व कोटे सरकारच्या मुठीत गेले की उद्योगी माणूस अधिकाऱ्याचा याचक बनतो, हे या पक्षाचे मुख्य प्रतिपादन होते. परराष्ट्रकारणात, १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर पाश्चात्य राष्ट्रांशी संरक्षणसंबंध जोडावेत, असा त्याचा आग्रह होता. तथापि त्याच वर्षी राजाजी स्वतः अमेरिकेस गेले व अणुचाचण्या थांबवाव्यात म्हणून अध्यक्ष केनेडी यांस भेटले. मैत्री म्हणजे मिंधेपणा नव्हे, हेच त्यांनी कृतीने दाखविले.

लोकसभेत १९६२ साली या पक्षास १८ जागा मिळाल्या, १९६७ साली ४४. १९७१ मध्ये त्या ८ वर आल्या आणि १९७४ साली पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला. संस्थानिकांच्या पुण्याईवर तो फार विसंबला. भूमिहीनाच्या दारी मात्र त्याचा संदेश पोहोचला नाही. ज्याच्यापाशी जमीनच नाही, त्यास जमिनीच्या हक्काचे कौतुक कसे वाटावे? हा दोष झाकण्याजोगा नाही. उलटपक्षी, १९९१ साली बहुतेक उद्योगांवरील परवान्यांचे बंधन उठले, तेव्हा त्याच्या मुख्य प्रतिपादनास उशिरा का होईना, मान्यता मिळाली.

आमच्या मते या पक्षाची खरी थोरवी त्याच्या एका नियमात आहे. मूलभूत तत्त्वांबाहेरील प्रत्येक प्रश्नावर सभासदास स्वतःचे मत बाळगण्याची मोकळीक होती. पक्षशिस्तीच्या नावाखाली विवेक गहाण टाकावा लागत नसे.

आज घराघरांत राजकारणावरून अबोला धरला जातो. एका पंगतीस बसणारे भाऊ मतभेदापायी सभेस येईनासे होतात. ज्ञातिसंस्था ही कोणत्याही पक्षाची मतपेढी नव्हे. विद्यार्थ्यांस साहाय्य, अडलेल्यास आधार आणि वडीलधाऱ्यांचा मान ही आपली मूलभूत तत्त्वे. त्यांवर एकमत असावे. बाकी प्रत्येक कुटुंबाने आपल्या बुद्धीस पटेल तसे मत द्यावे व दुसऱ्याचे मत आदराने ऐकावे, एवढीच समस्त ज्ञातिबंधुभगिनींस आमची विनंती आहे.