रिमोटची इलेक्ट्रिक बग्गी : आपल्या मातीत पळवायची तर सेटिंग अशी करा

मंगळवेढा : रिमोटची गाडी म्हटलं की जत्रेतलं खेळणं आठवतं. शर्यतीची बग्गी मात्र वेगळीच. खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची, सुमारे दीड किलो वजनाची ही गाडी. तिला शॉकअप, डिफरन्शियल, गिअर असं सगळं असतं आणि ती ताशी ४० किलोमीटरच्या पुढेही पळते. जपानच्या तामिया कंपनीने १९७९ मध्ये ‘रफ रायडर’ ही बग्गी आणली आणि मातीवरच्या या खेळाला जोर आला. १९८५ मध्ये अमेरिकेत इलेक्ट्रिक बग्गीची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आपल्याकडे मुंबई आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये ‘फुल थ्रॉटल’ ही रिमोट गाड्यांची शर्यत होते, पण त्या गाड्या इंधनावरच्या. घरी शिकायला इलेक्ट्रिकच सोपी.

नवीन माणूस गाडी घेतली की आधी मोठी मोटर बसवतो आणि पैसे घालवून बसतो. बग्गी जिंकते ती टायर आणि सेटिंगवर. म्हणून खालच्या क्रमानेच जा.

१) आधी बॅटरी सांभाळा

या गाडीत बहुतेक वेळा दोन सेलची लिपो बॅटरी असते. फुल चार्ज झाली की ८.४ व्होल्ट. मोबाईलच्या बॅटरीसारखी ती बिनधास्त लावून ठेवायची नाही. चुकीचं चार्जिंग झालं तर पेट घेते.

- चार्जर बॅलन्सचाच घ्या. ५००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरवर चार्ज करा, त्यापुढे नको.
- चार्जिंग घराबाहेर, वाळू घातलेल्या लोखंडी घमेल्यात. लावून शेतात निघून जाऊ नका, रात्रभर ठेवू नका.
- स्पीड कंट्रोलरमध्ये ‘लिपो’ मोड चालू आहे का ते बघा. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की बॅटरी कामातून गेली.
- आठवडाभर गाडी चालवायची नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवा.
- उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गाडीत बॅटरी ठेवू नका. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. पेटलीच तर वाळू टाका, धुरापासून लांब राहा, हाताने उचलायला जाऊ नका.

२) पहिल्यांदा चालू करताना

गाडी डब्यावर ठेवा, चाकं अधांतरी राहू द्या. आधी रिमोट चालू करायचा, मग गाडी. बंद करताना उलटं : आधी गाडी, मग रिमोट. हा क्रम चुकला तर गाडी आपल्या मनाने सुटू शकते. स्पीड कंट्रोलरला रिमोटची ओळख करून द्या (कॅलिब्रेशन). स्टिअरिंग सोडल्यावर चाकं सरळ राहतात का, रिमोट बंद केल्यावर मोटर थांबते का, हे तपासा.

३) माती बघून टायर

मंगळवेढ्याची काळी रान ज्वारीसाठी प्रसिद्ध. २०१६ मध्ये इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण बग्गीला हीच माती अवघड. ओली असली की चाकाला आणि गिअरला लपेटते, वाळली की भेगा पडतात. त्यामुळे पाऊस झाल्यावर वापसा येईपर्यंत गाडी काढूच नका. ट्रॅक करायचा तर जुन्या खळ्याची रीत वापरा : ढेकळं फोडा, पाणी मारा, चोपून घ्या, वाळू द्या.

- चोपलेल्या टणक जागेवर बारीक, आखूड काट्यांचे टायर.
- माळावरच्या सुट्या मुरमावर उंच आणि लांब-लांब काट्यांचे टायर.

या टायरमध्ये हवा नसते, आत फोम असतो आणि टायर रिमला चिकटवलेला असतो. चिकटवण निघाली तर वळणावर टायर सुटतो. प्रत्येक वेळी बोटाने ओढून बघा.

४) उंची आणि चाकांचा कोन

बॅटरी बसवून गाडी सपाट फरशीवर ठेवा, दोन-तीनदा दाबून सोडा. जमीन ते पोट हे अंतर चोपलेल्या ट्रॅकवर २० ते २४ मिलिमीटर ठेवा, खडबडीत रानात थोडं जास्त. चाकाचा वरचा भाग आत १ ते २ अंश झुकलेला असावा. मागची चाकं पुढच्या बाजूने साधारण ३ अंश आत वळलेली असली की गाडी सरळ सुटते. पुढची चाकं सुरुवातीला सरळच ठेवा.

५) शॉकअपमधलं तेल

तेलाच्या बाटलीवर नंबर असतो. पुढे ३० ते ३५, मागे त्याच्या जरा खाली, इथून सुरुवात करा. उन्हात तेल पातळ होतं, म्हणून एप्रिल-मे मध्ये एक नंबर जाड तेल घ्या.

६) पिनियन शेवटी

मोटरच्या टोकाला छोटा गिअर असतो, तो पिनियन. दात वाढवले की वेग वाढतो, पण मोटर तापते. पाच मिनिटं पळवून मोटरला सांभाळून बोट लावा. बोट टिकत नसेल तर एक-दोन दात कमी करा. पिनियन बसवताना दोन गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून आवळा, मग पट्टी काढा. तेवढी फट बरोबर असते.

तक्रार आणि उपाय

- वळत नाही, सरळ जाते : पुढची स्प्रिंग नरम करा.
- मागून घसरून गोल फिरते : मागची स्प्रिंग नरम करा, वळणावर रेस हळू द्या.
- उडीनंतर पोट आपटतं : तेल जाड करा किंवा उंची वाढवा.
- उडीत नाक खाली जातं : हवेत असताना रेस द्या, नाक वर येतं. ब्रेक मारला की खाली जातं.

एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहून ठेवा. दोन बदल एकदम केले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. पळवून झाल्यावर ब्रशने धूळ झाडा, बेअरिंग हाताने फिरवून बघा. रस्त्यावर, जनावरांजवळ किंवा लहान पोरांच्या घोळक्यात गाडी चालवू नका. दीड किलोची गाडी त्या वेगात पायावर आली तर इजा होते.

हा खर्चाचा नाद आहे, हे खरं. पण फवारणीच्या ड्रोनमध्येही ब्रशलेस मोटर, स्पीड कंट्रोलर आणि बहुतेक वेळा याच जातीची बॅटरी असते. घरातलं पोरगं गाडी खोलून, सेटिंग करून, पुन्हा जोडायला शिकलं, तर उद्या ड्रोन दुरुस्तीचं काम त्याला परकं वाटणार नाही. मोठ्यांनी चार्जिंगवर तेवढं लक्ष ठेवावं.