माणसाला नको ते गुरांना चालेल?

माणगावात माझे बालपण गेले. जूनमध्ये पाऊस लागला की दसऱ्यापर्यंत घरातली कोणतीही वस्तू पुरती कोरडी म्हणून सापडत नसे. चामड्याच्या चपलांवर पांढरी लव यायची, पुस्तकांना कुबट वास यायचा आणि घाटावरून आणलेले शेंगदाणे डब्यातल्या डब्यात मऊ पडायचे. आई ते सुपात घेऊन निवडायला बसे. काळपट, सुरकुतलेले, हिरवट भुकटी धरलेले दाणे बाजूला काढी. हे दाणे टाकून मात्र दिले जात नसत. ते म्हशीच्या आंबोणात जात. "माणसाला नको ते गुरांना चालतं," हे वाक्य आमच्याकडे इतके रुळलेले होते, की त्याबद्दल कोणाला कधी शंका आली नाही.

पुढे बुरशीजन्य विषांवर काम करू लागलो, तेव्हा ध्यानात आले की या विषांच्या तपासणीचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी याच एका वाक्याचे खंडन आहे. तो इतिहास शिक्षकांना माहीत असावा असे मला वाटते. कारण 'मानक' हा शब्द आपण वर्गात सहज वापरतो. पण मानक ठरते कसे, कोणासाठी ठरते आणि कोणापर्यंत पोहोचत नाही, हे क्वचितच सांगतो.

दिसणारे विष

सुरुवात आपल्या शेजारूनच करू. माणगावहून ताम्हिणी घाट चढून गेले की भाताचा मुलूख संपतो आणि पुढे ज्वारी-बाजरीचा सुरू होतो. १९५७ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात भिडे आणि हेगडे यांनी तेव्हाच्या मुंबई राज्यातील बाजरीवर पडलेल्या अरगट रोगाची नोंद केली. सातारा भागात या रोगाने त्या सुमारास मोठे थैमान घातले होते. पुढच्याच वर्षी पटेल, बोमन आणि दलाल यांनी मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन झालेल्या विषबाधेच्या साथीचे वर्णन प्रसिद्ध केले.

अरगटाला आपले शेतकरी 'चिकटा' म्हणतात. बाजरी फुलोऱ्यात असताना पाऊस आणि ढगाळ हवा राहिली, तर क्लॅव्हिसेप्स ही बुरशी फुलात शिरते. कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरतो आणि नंतर दाण्याच्या जागी काळसर, कठीण गाठ तयार होते. या गाठीत अल्कलॉइड गटातली विषे असतात. युरोपात राय या धान्यावरच्या अरगटाने मध्ययुगात हातापायांची बोटे काळी पडून झडत. बाजरीवरच्या अरगटातली विषे वेगळी असल्यामुळे आपल्याकडे मळमळ, उलट्या, चक्कर आणि गुंगी ही लक्षणे दिसली.

या विषाची तपासणी मात्र अतिशय सोपी आहे. अरगटाची गाठ निरोगी दाण्यापेक्षा हलकी असते. एक लिटर पाण्यात सुमारे २०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बाजरी टाकली, की चांगला दाणा तळाशी बसतो आणि गाठी वर तरंगतात. त्या काढून टाकायच्या आणि तळाची बाजरी स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवायची. आपल्या अन्नविषयक नियमांत बाजरीतल्या अरगटग्रस्त दाण्यांची मर्यादा वजनाने ०.०५ टक्का आहे, म्हणजे किलोमागे अर्धा ग्रॅम. बाजरीच्या हजार दाण्यांचे वजन ढोबळमानाने १० ग्रॅम धरले, तर एक लाख दाण्यांत साधारण ५० दाण्यांइतक्या वजनाच्या गाठी. ही मोजणी शाळेच्या तराजूवर करता येते. दिसणारे विष, मोजता येणारी मर्यादा आणि स्वयंपाकघरात होणारी चाचणी, असा योग इथे जुळून आला होता. पुढच्या विषाच्या बाबतीत तो जुळला नाही.

टर्की पक्ष्यांचा अज्ञात रोग

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. कारण कळेना, म्हणून रोगाला 'टर्की एक्स' असे नाव पडले. जंतू सापडले नाहीत, विषाणूही सापडला नाही. मेलेल्या सर्व कळपांत एकच गोष्ट समान होती : त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड होती. लवकरच पूर्व आफ्रिकेतल्या भुईमुगातही हाच दोष असल्याचे दिसले. १९६१ मध्ये या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी सापडली. तिच्या नावातला 'ए' आणि 'फ्ला' घेऊन विषाचे नाव पडले अफ्लाटॉक्सिन. १९६३ मध्ये त्याची रासायनिक रचना उलगडली.

पेंड हे गुराढोरांचे खाद्य. ती सरकीची आहे की भुईमुगाची, एवढेच पूर्वी पाहिले जाई. ती खाऊन एक लाख पक्षी मेले नसते, तर माणसाच्या ताटातल्या शेंगदाण्याकडे कोणी इतक्या बारकाईने पाहिले असते की नाही, याची शंकाच आहे. उंदरांना अशी पेंड दीर्घकाळ खाऊ घातल्यावर त्यांच्या यकृतात कर्करोग झालेला १९६१ मध्येच दिसला आणि प्रश्न गोठ्यातून स्वयंपाकघरात आला. १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनांना पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग निश्चितपणे घडवणाऱ्या पदार्थांत, घातले.

पिल्लू, दिवा आणि यंत्र

विष आहे हे कळले, पण ते किती आहे हे कसे मोजायचे? पहिली 'प्रयोगशाळा' म्हणजे एक दिवसाचे बदकाचे पिल्लू. बदके या विषाला विलक्षण संवेदनशील असतात. संशयित पेंडीचा अर्क पिल्लाला पाजायचा आणि काही दिवसांनी त्याच्या यकृतातल्या पित्तनलिकांची वाढ सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. ही पद्धत वेळखाऊ होती, आणि दोन प्रयोगशाळांची उत्तरे जुळतीलच याची खात्री नव्हती.

मग निसर्गानेच एक सोय करून दिली. अतिनील प्रकाशात अफ्लाटॉक्सिन चमकते. काचेच्या पट्टीवर सिलिकाचा पातळ थर देऊन त्यावर अर्काचा थेंब ठेवला आणि द्रावक वर चढू दिला, की घटक वेगवेगळे होतात. अंधाऱ्या खोलीत दिवा लावला, की काही ठिपके निळे दिसतात, काही हिरवे. निळ्यांना बी-१, बी-२ आणि हिरव्यांना जी-१, जी-२ ही नावे इंग्रजी रंगनामांच्या आद्याक्षरांवरूनच पडली. नमुन्याच्या ठिपक्याची चमक ज्ञात प्रमाणाच्या ठिपक्याशी डोळ्यांनी ताडून पाहायची, ही कित्येक वर्षे जगभरची तपासणी होती. पुढे प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्या आल्या, उच्चदाब द्रव वर्णलेखन आले आणि आता वस्तुमान वर्णपटमापक किलोमागे मायक्रोग्रॅमच्या शतांशापर्यंत सहज पोहोचतो.

मर्यादेचे आकडेही याच सुमारास आले. १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या प्रथिन सल्लागार गटाने मुलांच्या प्रथिनयुक्त आहारासाठी किलोमागे ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली. त्या काळी गरीब देशांतल्या कुपोषित मुलांना शेंगदाण्याच्या पिठातून प्रथिने देण्याचे प्रयत्न चालले होते. मर्यादा फार कडक केली तर मुलांच्या तोंडचे प्रथिन जाते, सैल ठेवली तर विष जाते, अशी ती कोंडी होती. ३० हा आकडा या दोन भयांमधली तडजोड होता. आपल्या अन्नभेसळ प्रतिबंध नियमांतही पुढे अफ्लाटॉक्सिनसाठी ३० हाच आकडा होता. आज धान्ये आणि डाळींसाठी तो १५ आहे. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्याला ४ आहे. विष सगळीकडे एकच असूनही आकडे वेगळे आहेत, कारण प्रत्येक आकड्यामागे यंत्राची क्षमता, बाजाराची सोय आणि भुकेचा हिशेब असतो.

१९७४ : मानकापासून दूर

पण हे आकडे कोणाच्या घरी पोहोचले? १९७४ च्या ऑक्टोबरपासून गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत लोकांना कावीळ होऊ लागली, पोटात पाणी भरू लागले. सुमारे चारशे माणसे आजारी पडली आणि त्यांतली शंभराहून अधिक दगावली. घरची कुत्रीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी, भट आणि सहकाऱ्यांनी या साथीचा शोध घेतला. अवेळी पावसात भिजलेला मका हेच त्या घरांचे जवळजवळ एकमेव अन्न होते. त्यात किलोमागे ६,२५० ते १५,६०० मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघाले. ३० च्या मर्यादेशी तुलना केली तर हे दोनशे ते पाचशे पट होते.

त्याच सुमारास युरोपीय आर्थिक समुदायाने पशुखाद्यातल्या अनिष्ट द्रव्यांवर निर्देश काढला. म्हणजे युरोपातल्या गाईच्या खाद्यासाठी कायदा होत होता, तेव्हा आपल्या डोंगरातला माणूस त्याहून शेकडो पटींनी विषारी मका खात होता. त्या मक्यावरची बुरशी त्यांना दिसत नव्हती असे नाही. दुसरे काही खायला नव्हते. तपासणीचे मानक हे निवड करता येणाऱ्यालाच उपयोगी पडते, हा या साथीचा धडा आहे.

एका दाण्याचे गणित

मानकाचा अर्थ केवळ मर्यादेचा आकडा असा घेतला जातो, पण नमुना कसा घ्यावा आणि मोजणी कशी करावी हेही त्यातच येते. यांत सर्वांत कच्चा दुवा नमुन्याचा. विष पोत्यात मीठ मिसळावे तसे सारखे पसरलेले नसते. एखाद्याच दाण्यात ते ठासून भरलेले असते. एकेका शेंगदाण्यात किलोमागे दहा लाख मायक्रोग्रॅमपर्यंतचे प्रमाण आढळलेले आहे. आता गणित करू. दाण्याचे वजन ०.४ ग्रॅम, म्हणजे त्यात ४०० मायक्रोग्रॅम विष. असा एकच दाणा १० किलोंत असला, तर सरासरी किलोमागे ४० भरते आणि माल नापास होतो. दहा किलोंत दाणे असतात सुमारे पंचवीस हजार! मूठभर दाणे उचलून तपासले तर तो एक दाणा बहुधा सुटेलच.

म्हणूनच युरोपीय समुदायाच्या १९९८ च्या नियमांत मोठ्या मालातून शंभर ठिकाणचे अंश काढून ३० किलोंचा नमुना करावा, असे सांगितले होते. वर्गात हे दाखवणे सोपे आहे. पाच किलो शेंगदाण्यांत एक रंगवलेला दाणा मिसळा आणि प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक मूठ घेऊ द्या. किती जणांना माल 'शुद्ध' वाटला ते फळ्यावर लिहा. यंत्र कितीही अचूक असले तरी ते फक्त त्याच्यासमोर ठेवलेल्या मुठीबद्दल बोलते, हे मुलांना यातून कळेल.

आंबोणातून पेल्यात

आता पुन्हा माणगावच्या गोठ्यात येऊ. १९६० च्या दशकातच असे आढळले, की दूषित पेंड खाणाऱ्या गाईच्या दुधात विषाचे बदललेले रूप उतरते. इंग्रजीतल्या दुधाच्या आद्याक्षरावरून त्याला एम-१ म्हणतात. खाल्लेल्या बी-१ पैकी साधारण १ ते २ टक्के, आणि भरपूर दूध देणाऱ्या जनावरांत कधी ६ टक्क्यांपर्यंत, दुधात येते. दूध उकळून ते जात नाही.

एक गाय दिवसाला ४ किलो खाद्य खाते आणि ८ लिटर दूध देते असे धरू. भारतीय मानक ब्यूरोने मिश्र पशुखाद्यात बी-१ ची मर्यादा किलोमागे २० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. मग पोटात गेले ८०, दुधात उतरले ०.८ ते १.६, म्हणजे लिटरमागे ०.१ ते ०.२. आपली दुधाची मर्यादा ०.५ आहे, तेव्हा हे दूध पास. युरोपची मर्यादा ०.०५ आहे, तिथे हेच दूध नापास. खाद्यात २० ऐवजी १०० मायक्रोग्रॅम असले, तर दुधात लिटरमागे ०.५ ते १ येईल आणि आपल्याकडेही ते मर्यादेला भिडेल किंवा ती ओलांडेल. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांतले ३६८, म्हणजे ५.७ टक्के, एम-१ च्या मर्यादेपलीकडे होते. लोकांना पाण्याच्या भेसळीची धास्ती वाटत होती, पण सुरक्षिततेच्या दृष्टीने हे विष हाच त्या पाहणीतला मोठा दोष ठरला, आणि त्याचा माग पशुखाद्याकडे व चाऱ्याकडे जात होता.

यात एक दिलासाही आहे. दूषित खाद्य थांबवले की तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होते. त्यासाठी खर्चिक यंत्र लागत नाही. शेंगा चांगल्या वाळवाव्यात, पोती ओल्या भिंतीला आणि जमिनीला न टेकवता फळीवर ठेवावीत, पावसाळ्यात पेंड थोडी थोडी आणावी. बुरशी न दिसणाऱ्या पेंडीतही विष असू शकते, हे खरे. पण बुरशी दिसत असूनही ती गुरांना घालणे तरी आपल्या हाती थांबवता येते.

आमच्या घरी आता म्हैस नाही. आई अजूनही पावसाळ्यात शेंगदाणे निवडते. पूर्वी गोठ्यात जाणारी ती मूठ गेली काही वर्षे ती चुलीत टाकते. का, असे शेजारच्या मुलीने विचारले तेव्हा तिने सांगितले, "अगं, ते दूध शेवटी पितं कोण?"